बर्फाला घाम येईपर्यंत

सोमवार, ४ मार्च

ही डायरी कंपनीने जानेवारीत दिली. दरवर्षी देते. आजवर तिच्यात मी फक्त फोन नंबर उतरवत आलो. आज लिहायला बसलो, कारण घरात मनातलं बोलायची सोय नाही आणि दुकानात फौजीशिवाय कुणी नाही. फौजी म्हणजे आमचा माल पोचवणारा, सैन्यातून निवृत्त झालेला गडी. त्याला काहीही सांगा, तो म्हणतो, "बरोबर आहे साहेब." असल्या माणसाशी काय बोलणार?

तर, सरकारी पत्रक आलं. इन्सुलिनसारख्या औषधांचा मक्ता यापुढे गावात एकाच विक्रेत्याला देता येणार नाही. कंपनीने किमान दोन नेमायचे, नाहीतर कंपनीचाच परवाना जाणार. का? तर कुठल्याशा गावातला एकुलता एक विक्रेता आजारी पडला, गोदामाला कुलूप लागलं आणि आठ दिवस लोकांना औषध मिळालं नाही. अहो, तो आजारी पडला यात माझा काय गुन्हा? मी सव्वीस वर्षांत एकदाच आजारी पडलो, आणि तोही रविवारी.

बोर्डावरचा 'एकमेव' हा शब्दही तीस दिवसांत काढायचा आहे. 'इन्सुलिनचे एकमेव अधिकृत विक्रेते.' बाबांनी तो बोर्ड लिहून घेतला तेव्हा मी खाली शिडी धरून उभा होतो.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग काय झालं? भाजीवाले नाहीत का चार?" भाजीवाले! आमच्या मंडळींना माझ्या धंद्याची किंमत ही अशी आहे.

गुरुवार, ७ मार्च

पेंटर येऊन गेला. 'एकमेव'वर पांढरा रंग मारला. जुना पांढरा पिवळा पडलेला, नवा पांढरा पांढराफेक, त्यामुळे आता रस्त्याच्या पलीकडूनही आधी तोच चौकोन दिसतो, आणि नीट पाहिलं तर खालची अक्षरं दिसतात. पेंटर म्हणाला, "अजून एक हात मारू का?" म्हटलं, राहू दे. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

सोमवार, ११ मार्च

दुसरा विक्रेता ठरला. कंपनीच्या विभागीय साहेबांचा फोन होता, आवाजात साखर घोळून. "तुम्हाला आनंदच होईल. घरातलंच माणूस आहे."

धाकटी! माझी सख्खी बहीण!

मी म्हटलं, तिला काय अनुभव? साहेब म्हणाले, "अकरा वर्षांचा. तुमच्याच दुकानातला. तुमच्याच सहीचा दाखला जोडलाय." मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी दुकान सोडून जाताना तिने एक कागद पुढे केला होता आणि मी रागाच्या भरात न वाचता सही ठोकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती का गेली तेही लिहून ठेवतो, खोटं कशाला. तिला बोर्डावर स्वतःचं नाव हवं होतं. औषधशास्त्राची परीक्षा ती पास, मी दोनदा नापास, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण ते तिच्या चष्म्यातूनही दिसायचं. मी म्हटलं, बोर्डावर जागा नाही. ती बोर्डाकडे बघत राहिली. जागा होती. नंतर ती हॉस्पिटलच्या औषध-भांडारात नोकरीला लागली.

आईला बातमी दिली. आई माझ्याकडे राहते, माझं मीठ खाते, माझ्या दुकानातलं इन्सुलिन टोचून घेते. ती काय म्हणाली? "बरं झालं बाई. दोघांचंही होईल."

बाई! आनंदाच्या भरात मलाच बाई म्हणाली!

मंगळवार, १२ मार्च

काल झोप आली नाही, म्हणून आज एक जुनी गोष्ट लिहून टाकतो.

इन्सुलिनला ऊन चालत नाही, तसं गोठणंही चालत नाही. एकदा गोठलं की दिसायला औषध, गुणाला पाणी. म्हणून फ्रीजरमधले आइसपॅक काढून थेट डब्यात भरायचे नाहीत. टेबलावर मांडायचे आणि अर्धा तास थांबायचं. वरचा पांढरा थर जाऊन पॅकला घाम सुटला, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, की मगच ते बाटल्यांच्या शेजारी ठेवायचे. बाबांचं वाक्य होतं, "घाम आल्याशिवाय डबा बंद नाही."

शाळेतून आम्ही दोघं दुकानात जायचो. बाबा पॅक हलवून धाकटीच्या कानाला लावायचे. "आलं का पाणी?" ती डोळे मिटून म्हणायची, "आलं." मग माझ्या कानाला लावायचे. मला फ्रीजरची घरघर तेवढी ऐकू यायची. मी म्हणायचो, "नाही आलं." बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. "हिचा कान औषधवाल्याचा आहे." माझ्या कानाबद्दल काही बोलायचे नाहीत.

दुकान मला मिळालं, कान तिला. मी तेव्हापासून घड्याळ लावून अर्धा तास मोजतो.

मंगळवार, २६ मार्च

धाकटीचं दुकान काल सुरू झालं. मला बोलावणं होतं. हिला आणि आईला पाठवलं आणि मी कामाचं निमित्त सांगितलं. काम असं होतं की तिच्या दुकानासमोर एक केशकर्तनालय आहे. तिथे जाऊन बसलो. आरशात तिचं दुकान अख्खं दिसतं, फक्त उलटं.

फ्रीजर नवा, काचेच्या झाकणाचा. आवाज नसणार. गिऱ्हाइकांना बसायला चार खुर्च्या. (माझ्याकडे एक स्टूल आहे, त्यावर वह्या असतात.) चौकातला केमिस्ट आत गेला. सव्वीस वर्षं माझं गिऱ्हाईक, मुलीच्या लग्नात माझ्या शेजारी बसून जेवला होता, आणि काल तो हसत हसत आत गेला आणि हसत हसतच बाहेर आला. माझ्याकडे येतो तेव्हा पोट दुखत असल्यासारखा चेहरा असतो त्याचा.

न्हावी म्हणाला, "साहेब, केस कापायला आहेत कुठे? शनिवारीच तर कापले." म्हटलं, दाढी कर. तो म्हणाला, दाढीपण झाली आहे. मग डोक्याला तेल लावून घेतलं.

आई घरी आली ती तोंडभरून कौतुक करत. "काय टापटीप आहे! मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं." जशी काही घरी आम्ही तिला दारात उभी ठेवतो.

सोमवार, १ एप्रिल

हॉस्पिटल गेलं. आजपासून त्यांचा माल धाकटीकडून. जाणारच, तिथे दोन वर्षं नोकरी करून घरोबा करून ठेवला तिने.

चौकातल्या केमिस्टकडे स्वतः गेलो. म्हटलं, काय कमी पडलं माझ्याकडून? तो म्हणाला, "कमी काही नाही हो. पण ताईंचा माल साडेआठला येतो, तुमचा नऊला. सकाळी लोक ऑफिसला जायच्या आधी दारात उभे असतात. तो अर्धा तासच महत्त्वाचा." वर म्हणतो कसा, "आणि त्यांचा डबा उघडला की काय गारवा येतो!"

ताई म्हणे. मला कधी दादा म्हणाला नाही.

अर्धा तास. ती पहाटे उठून दुकानात येत असणार, दुसरं काय. नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी, मुलगी शिकायला बाहेर, तिला काय, उठेल हवं तेव्हा. मला सकाळी आईचं बघायचं असतं. (हीच बघते, पण मी घरात असतो.)

बुधवार, ३ एप्रिल

उपाय सापडला, आणि इतका सोपा की इतकी वर्षं सुचला कसा नाही! पॅक टेबलावर अर्धा तास पडून घाम गाळतात. तोच घाम त्यांनी रस्त्यात गाळावा. बाहेर ऊन आहे, डबा दोन तास फिरतो, आपोआप सुटेल घाम. बाबांच्या वेळी पत्र्याचे डबे होते. हे नवे डबे चांगले जाडजूड आहेत. काळाप्रमाणे बदलायला नको का? शिवाय डबा उघडला की गारवा हवा ना लोकांना? घ्या गारवा.

फौजी पॅक टेबलावर मांडायला लागला. म्हटलं, मांडू नकोस, भर सरळ. तो थांबला. "साहेब, घाम?" म्हटलं, मी सांगतोय ना? तो "बरोबर आहे साहेब" म्हणाला नाही, नुसताच भरायला लागला. पॅक आणि बाटल्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक थर घातला, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

पावणेनऊच्या आत चौकात माल पोचला!

सोमवार, ८ एप्रिल

आता आठ वाजून पंचवीस मिनिटांनी पोचतो. तिच्याही आधी पाच मिनिटं. वर्तमानपत्र बंद केलं, कागद लावण्यात वेळ जातो. चौकातला केमिस्ट फौजीला म्हणाला, "आज तर हात आखडला बाटली घेताना." ऐकून मला इतका आनंद झाला की दुपारी स्टुलावरच्या वह्या काढून तिथे गिऱ्हाइकांना बसायची सोय केली. कुणी बसलं नाही, पण केली.

आईच्या महिन्याच्या बाटल्याही आज त्याच फेरीत घरी पाठवल्या. घर फेरीच्या अगदी शेवटी लागतं. ही म्हणाली, काय गार आहेत! म्हटलं, मग? धाकटीकडे आहे का असं?

शुक्रवार, १२ एप्रिल

ही भलतंच काहीतरी बोलते. आईला टोचायच्या आधी बाटली तळहातांत फिरवायची असते, म्हणजे दुधासारखी एकसारखी होते. ही म्हणते, "कितीही फिरवली तरी भिंतीला कण चिकटून राहतायत." म्हटलं, तुझा हात हलका आहे, नीट फिरव. म्हणाली, "अकरा वर्षं हाच हात फिरवतोय." नाचता येईना, अंगण वाकडं. मी वाद घातला नाही.

धाकटीच्या दुकानासमोरून गेलो. सहज. तिने काचेवर स्वतःचं नाव लिहून घेतलंय, लहान अक्षरांत, एका कोपऱ्यात. मोठं लिहिलं असतं तर मला बोलता तरी आलं असतं.

बुधवार, १७ एप्रिल

आईची साखर वाढली. उपाशीपोटी दोनशे साठ. चार दिवसांपूर्वी दोनशे दहा होती. डॉक्टरांनी डोस वाढवला.

मला कारण माहीत आहे. दर रविवारी आई धाकटीकडे जाते. तिथे काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण दिसायला डोळेच लागतात असं नाही. केक! चहात साखर! "घे गं आई, एका तुकड्याने काय होतंय!" लाड करून आईला आपल्या बाजूला ओढायचं चाललंय. लहानपणी बाबांना ओढलं, आता आईला.

आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, ती मला बिनसाखरेचा चहा देते आणि शेजारी बसून स्वतः पण तसाच पिते." आई खोटं बोलत नाही. पण म्हातारपणी लेकीसाठी बोलत असेल.

धाकटीला फोन केला. तिचं दुकान निघाल्यापासून पहिल्यांदा बोललो, आणि हेच बोललो, की आईला विष घालू नकोस. ती म्हणाली, "दादा, तिला बाटली कुठली देताय?" म्हटलं, माझ्या दुकानातली, बावीस वर्षं देतोय तीच. ती म्हणाली, "एकदा बघू का?" काय बघायचं आहे तिला? माझ्या घरात येऊन माझी बाटली तपासणार? फोन ठेवला.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज चौकातला केमिस्ट आणि बाजारातला केमिस्ट, दोघांकडून एकच तक्रार. चार-पाच पेशंटांची साखर औषध घेऊनही आवरत नाही. मी हळूच विचारलं, हल्ली दोघांचा माल ठेवता ना? दोघंही म्हणाले, हो, अर्धा तुमचा, अर्धा ताईंचा. बॅच नंबर एकच, कंपनीने आम्हा दोघांना एकाच बॅचमधून दिलाय, त्यामुळे कपाटात सगळं मिसळलेलं.

बस. मला जे म्हणायचं होतं ते देवानेच त्यांच्या तोंडून म्हणवलं. सव्वीस वर्षं मी एकटा होतो, एक तक्रार नाही. ती आली आणि महिन्याच्या आत हे!

औषध खात्याला पत्र लिहिलं. 'दुसरा विक्रेता नेमल्यापासून मालाच्या दर्जाबद्दल तक्रारी येत असून नव्या विक्रेत्याच्या साठवणुकीची त्वरित तपासणी व्हावी.' तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा अक्षर चांगलं आलं. बहीण आहे असं कुठेही लिहिलं नाही, खाली सहीही केली नाही. स्वतः जाऊन पेटीत टाकलं. पत्र आत पडलं तेव्हा आवाज आला. परत येताना हात धुवावेसे वाटले. घामामुळे असेल.

बुधवार, २४ एप्रिल

आई सकाळी बाथरूमच्या दारात कोसळली. साखर यंत्रात मावेना, नुसतं 'हाय' दाखवत होतं. हॉस्पिटल. सलाईन. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "इन्सुलिन देताय की पाणी?"

धाकटी माझ्याआधी पोचली होती. कशी काय कोण जाणे. तिला बघून आईचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून उजळला नाही असं नाही, पण आधी तिच्याकडे बघितलं.

हिने पर्समधून आईची बाटली काढून धाकटीच्या हातात दिली. माझ्या देखत. धाकटीने ती तळहातांत फिरवली, दिव्यापुढे धरली आणि काचेला चिकटलेल्या कणांवर नख टेकवलं, बाहेरून खरवडून निघणार असल्यासारखं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, पॅक किती वेळ बाहेर ठेवतोस?"

मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस. बाबा जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून दुकान मी चालवतोय."

"मी शिकवत नाही. विचारतेय."

"तुझ्या मालाचं बघ आधी."

ती म्हणाली, "बरं." एवढंच. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गुरुवार, २५ एप्रिल

आईची साखर उतरली. एका दिवसात एकशे नव्वद. हॉस्पिटलचं इन्सुलिन कुणाकडून येतं? धाकटीकडून. बावीस वर्षं मी दिलेलं औषध, आणि नाव होणार तिच्या एका दिवसाचं. नर्ससुद्धा म्हणाली, "ताईंच्या औषधाने गुण आला."

दिवसभर माझा नुसता जळफळाट होत होता. संध्याकाळी घरी येऊन बसलो आणि अचानक लक्षात आलं, की कंपनी तीच आहे. बॅचही तीच आहे. मग तिच्या बाटलीने उतरली आणि माझ्या बाटलीने का नाही?

उत्तर मला येत होतं. लिहिलं नाही. आता लिहितोय तेव्हाही पेन अडखळतंय.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी सातला दुकान उघडलं. हल्ली भरतो तसाच एक डबा भरला. फ्रीजरमधले पॅक सरळ आत, शेजारी चार बाटल्या. झाकण लावलं आणि स्टुलावर बसून राहिलो. फौजीला म्हटलं, आज फेरी नाही. तो समोर उभा राहिला, त्याने का म्हणून विचारलं नाही.

नऊ वाजता झाकण उघडलं. पॅकला चिकटलेली बाटली काढली. आत बर्फाच्या सुया. बारीक, छान, चकचकीत.

फौजी म्हणाला, "साहेब, मी पहिल्या दिवशी विचारलं होतं."

"हो. मग दुसऱ्या दिवशी का नाही विचारलंस?"

"तुमचा चेहरा बघितला होता."

तीन एप्रिलपासूनचा सगळा माल. एकोणीस दुकानं. आणि आई. माझ्या आईला मी सोळा दिवस पाणी टोचलं, आणि वर तिला केकबद्दल विचारलं.

मी पहिला फोन उचलणार, तेवढ्यात फोनच वाजला. चौकातला केमिस्ट, आवाजात मजा. "ऐकलंत का? ताईंकडे निरीक्षक आलेत. कुणाची तरी तक्रार आहे. तपासणी होईपर्यंत सगळा साठा सील करणार म्हणतात."

इथे मला जे वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर ही डायरी फाडून टाकलेली बरी. सगळ्यात आधी मला बरं वाटलं. एक क्षण. बॅच एकच, कपाटात सगळं मिसळलेलं, कुणाला काय कळणार होतं? गप्प बसलो असतो तर ती गेली असती आणि मी राहिलो असतो. पुन्हा एकमेव.

आणि मग दिसलं की माझ्या फ्रीजमध्ये जे थोडंफार उरलंय ते सोडलं तर गावात धड इन्सुलिन फक्त तिच्याकडे आहे. तिला सील लागलं तर हॉस्पिटलला नाही, चौकात नाही, आईला नाही. ज्या पत्रकाला मी महिनाभर शिव्या घातल्या ते नसतं, तर काल आईला द्यायलाही काही नसतं.

बर्फाची बाटली रुमालात गुंडाळली आणि धावत गेलो. या वयात धावलो. न्हावी दारात येऊन बघत होता.

निरीक्षक बाई खुर्चीत बसून फॉर्म भरत होत्या. धाकटी काचेच्या फ्रीजरजवळ उभी होती आणि तिच्या हातात माझं पत्र होतं. ते अक्षर तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल? तिसऱ्यांदा तर चांगलंच आलं होतं. निरीक्षक बाई तिला विचारत होत्या, "तक्रार कुणाची आहे, तुम्हाला काही कल्पना?" आणि धाकटी म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "माझी आहे. आणि माल माझा खराब आहे, हिचा नाही."

बाटली टेबलावर ठेवली. बर्फ वितळून कण तळाशी बसले होते. सगळं सांगितलं, साडेआठची फेरी, गारवा, वर्तमानपत्र सुद्धा. निरीक्षक बाईंनी नवा फॉर्म काढला. "तुम्हाला हा नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता."

"मग?"

धाकटीसमोर सांगायचं होतं, म्हणून सांगितलं. "हिच्या आधी पोचायचं होतं."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. माझा परवाना तीन महिने बंद. मग तिथेच उभा राहून धाकटीच्या फोनवरून एकोणिसाच्या एकोणीस दुकानांना फोन केले. नंबर तिला पाठ होते, माझ्या डायरीतले. "तीन एप्रिलपासून माझ्याकडून आलेली एकही बाटली विकू नका. ज्यांनी नेली त्यांना आजच गाठा. नवी माझ्या बहिणीकडून येईल." चौकातल्या केमिस्टला हे सांगताना तो म्हणाला, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं.

फौजी दुपारपासून धाकटीचा माल पोचवतोय. तिला म्हणाला म्हणे, "ताई, घाम?" ती म्हणाली, "अर्थात." आणि तो म्हणाला, "बरोबर आहे ताई."

शनिवार, २७ एप्रिल

आईला आज संध्याकाळी घरी सोडणार होते. घरच्या बाटल्या हिने काल माझ्या देखत फोडून फेकल्या. नवी बाटली आणायला दुपारी तीनला बाबांचा पत्र्याचा डबा घेऊन धाकटीकडे गेलो. तिच्या खुर्चीत बसलो. चांगली आहे खुर्ची. पाठीला आधार आहे.

तिने दोन पॅक काढून टेबलावर ठेवले. "बस, अर्धा तास."

फ्रीजरचा खरोखरच आवाज नाही. त्यामुळे तिथे गप्प बसणं फार कठीण जातं. मी म्हटलं, "गिऱ्हाइकं सगळी तुझीच झाली आता." ती म्हणाली, "तीन महिने बघते. मग तुझी तू परत घे." ती हे मनापासून बोलत होती. तिचं मन एवढं मोठं आहे, याचाही मला हेवा वाटला. आता काय करणार, खोड आहे.

वीस-पंचवीस मिनिटांनी तिने पॅक उचलला, हलवला आणि माझ्या कानाला लावला. गार लागलं. "आलं का पाणी?"

मी डोळे मिटून ऐकलं. खूप प्रयत्न केला. "नाही आलं," म्हटलं.

तिने पॅक स्वतःच्या कानाला लावला. "मलाही नाही."

"तुला कसं नाही? तुझा तर औषधवाल्याचा कान."

"दादा, मला कधीच ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "तो जुना फ्रीजर केवढा घरघरायचा. बाबांनी पॅक मांडले की मी तुझ्या डोक्यावरच्या घड्याळात काटा बघून ठेवायचे. अर्धा तास झाला की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, आलं."

"खोटारडी! मग खरं का नाही सांगितलंस?"

"तू सांगायचास की खरं. तुला काय मिळायचं?"

पॅकवर थेंब जमले होते आणि एक ओघळ टेबलावरून माझ्या बाहीपर्यंत आला होता. तिने फडक्याने पॅक पुसले, बाटली मध्ये ठेवली आणि बाबांच्या डब्याचं झाकण लावायला माझ्याकडे दिलं. ते घट्ट बसतं, एका विशिष्ट बाजूने दाबावं लागतं. ती बाजू तिलाही माहीत आहे. तरी माझ्याकडे दिलं.

साडेपाचला आई घरी आली. हिने बाटली तळहातांत फिरवली, दिव्यापुढे धरली. दुधासारखी, एक कण नाही. टोचून झाल्यावर आईने विचारलं, "कुणाकडची बाटली?"

"धाकटीकडची."

"तू गेला होतास आणायला?"

"हो."

"मग जरा बसलास की नाही तिच्याकडे, का उभ्या उभ्या आलास?"

"बसलो," म्हटलं. "अर्धा तास."